आर्विल मोजतो आहे

आर्विल हेन्सलीला गाता येतं असं मी कधीच म्हणणार नाही. एकोणीस वर्षं त्याच्या शेजारी उभी राहून फिडल वाजवली आहे, तेव्हा हे बोलायचा हक्क माझा. वरच्या सुरात त्याचा गळा फाटतो, खालच्या सुरात त्याला खोकला येतो, आणि या दोन्हींच्या मधे जेवढा आवाज उरतो तेवढ्यावर त्यानं पेटन मिल या आमच्या गावच्या लोकांना दर शनिवारी सकाळी रडवलं आहे. आमचं रेडिओ स्टेशन म्हणजे खत-बियाण्यांच्या दुकानाच्या माडीवरच्या दोन खोल्या. नऊ वाजता कार्यक्रम सुरू होतो. आर्विल गिटार वाजवतो आणि गातो, लॉन्झो बास वाजवतो आणि तोंड उघडत नाही, आणि मी, नेल्डा क्रंप, फिडल वाजवते आणि लॉन्झोच्या वाटचंही बोलते.

जिना चढून वर आला की आर्विल आधी खोकायचा, मग गिटारची पेटी खाली ठेवायचा, मग सिगारेट पेटवायचा. "गळा जरा शेकून घेतो," म्हणायचा. मीही पेटवायचे. मी पुदिन्याच्या सिगारेटी ओढते. आर्विल त्यांना टूथपेस्ट म्हणतो. "दात घासून झाले असतील तर सुरू करू या का, नेल्डा?" हा त्याचा एकोणीस वर्षांचा विनोद. एकच होता, पण टिकाऊ होता.

बाकी आठवडाभर तो काउंटीच्या कच्च्या रस्त्यांवर खडी सपाट करायचं यंत्र चालवायचा. बायको होती, बेट्टी. ती ओहायोला निघून गेली. धूर तिला चालत होता, गाणी चालत नव्हती. मूलबाळ नाही. सख्खं असं माणूस एकच, धाकटी बहीण ज्यूएल. आर्विल तिच्या शेताच्या कडेला एका लहानशा घरात राहतो. आई गेली तेव्हा तो चौदा वर्षांचा होता आणि ज्यूएल नऊची. शाळेत जायच्या आधी घेवडा शिजत लावायचा, मक्याचा पाव भाजायचा आणि तिची वेणी घालायचा. वेणी इतकी वाईट असायची की मास्तरीणबाई वर्गात ती सोडून पुन्हा घालायच्या. मी त्याच वर्गात होते, मला आठवतं. आईला पुरून आले त्या दिवशी बापानं कोठाराच्या दारात उभं राहून त्याच्या हातात आपलं सिगारेटचं पाकीट दिलं. म्हणाला, "घे. आता घरात मोठा माणूस तूच." त्या दिवसापासून आर्विल ओढत होता. बापाची दुसरी कुठलीही वस्तू त्याच्याकडे राहिली नाही.

आणि आमच्याकडे सिगारेट सोडणं म्हणजे नुसती सवय सोडणं नव्हे. या भागात शाळेचे बूट तंबाखूतून आले, दाताचा डॉक्टर तंबाखूतून आला, चर्चचं छप्पर तंबाखूतून आलं. पाद्रीबुवा व्यासपीठावरून दारूला झोडपतात, पत्त्यांना झोडपतात, नाचाला झोडपतात. धुराचा विषय निघाला की त्यांना एकदम पुढचं स्तोत्र आठवतं.

दोन वर्षांपूर्वी ज्यूएलच्या दोन्ही किडन्या बसल्या. मंगळवार, गुरुवार आणि शनिवार, आठवड्यातून तीन दिवस तिचा नवरा हर्शेल तिला पन्नास किलोमीटरवरच्या डायलिसिस केंद्रात नेऊ लागला. चार तास ती खुर्चीत पडून राहायची, आणि घरी आली की पिळून टाकलेल्या फडक्यासारखी दिसायची. हर्शेलची किडनी जुळली नाही. माझी तपासायचीसुद्धा गरज पडली नाही, माझी साखरच बघून डॉक्टर हसले. आर्विलची जुळली. इतकी जुळली की शहरातल्या इस्पितळातल्या बाई म्हणाल्या, जुळी भावंडंच असावीत. हृदय ठीक, रक्तदाब ठीक. फक्त एक अट. बारा आठवडे तंबाखूला कुठल्याही रूपात शिवायचं नाही. बाराव्या आठवड्यात तपासणी, आणि ती साफ आली तर शस्त्रक्रियेची तारीख.

जूनच्या शेवटच्या रविवारी त्यानं सोडली.

पुढच्या शनिवारी जिना चढून आला तो अवतार बघण्यासारखा होता. डोळे लाल, दाढी वाढलेली, शर्टाची बटणं एक घर सोडून लावलेली. लॉन्झोला म्हणाला, "डी सूर धर." माइकसमोर उभा राहिला आणि आम्ही कधीच न ऐकलेलं गाणं म्हणू लागला.

सकाळची कॉफी विचारते, तुझा सोबती कुठे गेला,
ओसरीची खुर्ची विचारते, तो धूर कुठे विरला.
काय सांगू बायांनो, हात खिशात जातो, परत येतो,
आज सातवा दिवस, आणि मी अजून मोजतो.

फार काही थोर गाणं नव्हतं. पण 'सातवा' म्हणताना त्याचा आवाज असा काही चिरकला की मी वाजवायची थांबले.

गाणं संपतं न संपतं तोच स्टेशनचा फोन वाजला. आम्ही फोन थेट प्रक्षेपणातच घेतो, दुसरी सोय नाही. डोंगरापलीकडचे एक म्हातारबा होते, सत्तर वर्षं तंबाखू लावलेले. "अरे आर्विल," ते म्हणाले, "तुझ्या बापानं याच पानावर तुला वाढवलं. आणि तू आता रेडिओवर बसून त्याच ताटात थुंकतोस होय रे?"

तेवढ्यात दुसरी लाइन वाजली. ज्यूएल होती, डायलिसिसच्या खुर्चीतून. तिथे शनिवारी आमचाच कार्यक्रम लावलेला असतो.

"काका, नमस्कार. मी ज्यूएल. तो माझ्यासाठी सोडतोय. तुमची किडनी देता का मला? देत असाल तर त्याला आत्ता पेटवू देते."

म्हातारबांनी फोन ठेवला. दुपारी त्यांच्या सूनबाई आर्विलच्या ओसरीवर सफरचंदाचा केक ठेवून गेल्या. त्यानंतर कुणी ब्र काढला नाही.

दर शनिवारी आर्विल तेच गाणं म्हणायचा आणि आकडा बदलायचा. चौदावा. एकविसावा. अठ्ठाविसावा. खालच्या दुकानदारानं दारावरच्या फळ्यावर 'आर्विल: २८' असं खडूनं लिहायला सुरुवात केली, आणि लोक खताची गोणी घ्यायच्या आधी फळा बघायला लागले. पाद्रीबुवांनीसुद्धा रविवारच्या प्रार्थनेत आकडा घेतला. कशाचा ते मात्र सांगितलं नाही. बायका त्याला सूर्यफुलाच्या बिया, बटरस्कॉचच्या गोळ्या, दात कोरायच्या काड्या आणून द्यायच्या. पुदिन्याच्या गोळ्या मात्र तो परत करायचा. "नको गं, त्या तोंडात घातल्या की नेल्डाचा धूर आठवतो."

आकडा वाढत होता, आणि माणूस झिजत होता. लोकांना शनिवारचा आकडा दिसायचा. मला बाकीचे सहा दिवस दिसायचे. एकच रस्ता दोनदोनदा सपाट करायचा, कारण घरी गेलं की ती खुर्ची. रात्री झोप नाही, दिवसा चित्त नाही. एकदा लॉन्झोवर ओरडला, बिचारा लॉन्झो, ज्यानं त्या दिवशी जेमतेम "बरं" एवढंच म्हटलं होतं. एकदा मला म्हणाला, "नेल्डा, मी दमलोय गं. आई गेली तेव्हाही एवढा दमलो नव्हतो. तेव्हा निदान ओढायला मिळत होतं." मी त्याच्यासमोर ओढत नव्हते, एवढंच मी त्याच्यासाठी करत होते. स्वतः सोडायचं माझ्या मनातही आलं नाही. मी आधी तीनदा सोडून बघितली होती. तिन्ही वेळा सगळ्यांशी खोटं बोलले होते, आणि तिन्ही वेळा ते पचलं होतं.

सत्याहत्तरावा दिवस त्यानं गायला, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी पाऊस लागला.

हर्शेलचा तंबाखू शेतात उभा होता, पिवळा पडत आलेला. दोन एकरच, पण आठवड्यातले तीन दिवस माणूस बायकोला घेऊन रस्त्यावर, तो कापणार कधी? आमच्याकडे अशा वेळी सावड असते. ज्याचं अडलं त्याच्या रानात सगळे जातात, बोलवायची वाट बघत नाहीत. मंगळवारी सकाळी पाऊस थांबला आणि आम्ही नऊ जण हर्शेलच्या रानात उभे होतो. पान ओलं असताना कापू नये हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण शुक्रवारी पुन्हा पाऊस सांगितला होता, आणि हर्शेल जाताना गाडीच्या खिडकीतून आमच्याकडे असा बघत गेला की ओलं-सुकं कुणी काढलंच नाही.

तंबाखू कापणं म्हणजे वाकायचं, बुडाशी घाव घालायचा, माणसाएवढं झाड उचलायचं आणि काठीच्या टोकाला लोखंडी शंकू लावलेला असतो त्यावर खोड भोसकून ओवायचं. एका काठीला सहा झाडं. मग पुढची काठी. पानांचं पाणी मानेवरून पाठीत उतरतं, बाह्या चिंब होतात, आणि हातांना काळा चीक असा बसतो की आठवडाभर साबणाला दाद देत नाही. मी गाडी हाकत होते. आर्विल सगळ्यांच्या पुढच्या ओळीत होता. "माझ्या बहिणीचं रान आहे," म्हणत होता, "मागे कसा राहू?"

बुधवारी दुपारी जेवायच्या सुमारास तो ओळीतच बसला आणि भडाभडा ओकला. पांढराफटक पडला, हात थरथरायला लागले. पोरं हसली. ओलं पान लागतं हे आमच्याकडे कुणाला नवं नाही. पहिल्यांदा रानात येणारी बारा-तेरा वर्षांची पोरं हमखास ओकतात. पण आर्विलला चाळीस वर्षांत कधी लागलं नव्हतं.

"काय रे, मोठेपणी दूध पाजायला लागणार तुला!" कुणीतरी ओरडलं.

"ऊन लागलं असेल," मी म्हटलं. ऊन तर नव्हतंच. पण मला दुसरं काही सुचलं नाही, आणि कुणालाच सुचलं नाही. जन्मभर त्या पानांत हात घालणारी नऊ माणसं, आणि पान अंगात जातं म्हणजे काय जातं, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही.

गुरुवार हा त्याचा ब्याऐंशीवा दिवस होता. हर्शेल ज्यूएलला घेऊन डायलिसिसला गेलेला, म्हणून आर्विलला शहरातल्या इस्पितळात तपासणीला मी नेलं. त्यानं पांढरा शर्ट घातला होता, इस्त्रीचा. लाल चष्म्याची एक नर्स होती, तिनं लघवीची बाटली घेतली, त्याच्या हातांकडे जरा बघितलं आणि आत गेली. अर्ध्या तासानं डॉक्टरबाई आल्या. आवाज चढवला नाही त्यांनी. चढवला असता तर बरं झालं असतं.

"मिस्टर हेन्सली, तुमच्या शरीरात निकोटीन आहे. भरपूर आहे. तुम्ही ओढत आहात."

"नाही, बाई."

"तपासणीची पट्टी खोटं बोलत नाही."

"मी पण नाही," आर्विल म्हणाला. पण इतक्या हळू म्हणाला की मलाच ते खोटं वाटलं.

इथे माझा दोष सुरू होतो, म्हणून हे मी पळवाट न काढता सांगते. गाडीपाशी आल्यावर मी त्याला जे बोलले ते कुत्र्यालासुद्धा कुणी बोलू नये. म्हटलं, सगळं गाव तुझ्यासाठी गुडघे टेकून प्रार्थना करतंय आणि तू कोठारामागे जाऊन फुंकतोस? बहीण मरायला टेकलीय, आणि तू तिला रेडिओवरून आकडे ऐकवतोस? तो म्हणाला, "नेल्डा, आईशप्पथ. एकही नाही." आणि मला राग आला तो याच शपथेचा. कारण मी तीनदा सोडली होती ना. तिन्ही वेळा मी अशीच शपथ घेतली होती, अगदी असेच डोळे करून.

मी माझं पाकीट काढलं, एक पेटवली आणि पाकीट त्याच्यासमोर धरलं. "घे. हे नाटक आता पुरे. निदान माझ्यासमोर तरी खरं वाग."

त्यानं पाकिटाकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. तो काय शोधत होता माझ्या तोंडावर, मला तेव्हा कळलं नाही. आता कळतं. एक तरी माणूस आपल्यावर विश्वास ठेवतंय का, एवढंच तो बघत होता. ते त्याला दिसलं नाही, आणि त्यानं हात पुढे केला.

शेवटच्या टोकापर्यंत ओढली. ज्यूएलच्या दारात मी त्याला उतरवलं, कारण तिला सांगायचं काम त्यालाच करायचं होतं.

शुक्रवारी दुपारी माझ्या दारात हर्शेल उभा. धापा टाकत होता आणि हसत होता.

"नेल्डा, अगं तो खरं बोलत होता! इस्पितळातून ती लाल चष्मेवाली नर्स, तिचा फोन आला ज्यूएलला. तिचा बाप आपल्यासारखाच, तंबाखूवाला. आर्विलच्या हाताचा काळा चीक तिनं बघितला होता, पण घरी जाईपर्यंत तिच्या डोक्यात प्रकाश पडला नाही. ओल्या पानातून जातं म्हणे ते कातडीतून! म्हणून तर ओकला तो. चाळीस वर्षं ओढत होता तेव्हा अंगाला सवय होती, आता सुटलीय म्हणून लागलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, पानाला हात लावू नका, दोन आठवड्यांनी परत या. आधीचे ब्याऐंशी दिवस धरणार आहेत!"

मी त्याला कॉफी विचारली नाही. दार लावलं आणि स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून राहिले. बहिणीचंच रान कापताना त्याच्या अंगात ते गेलं, आणि बहिणीच्याच नावानं मी त्याला खोटा ठरवला. आणि आता, आता खरोखरच त्यानं ओढलेली होती.

संध्याकाळ व्हायच्या आत मी त्याच्याकडे गेले. ओसरीवर खुर्चीत बसला होता, हात मांडीवर उलटे ठेवून. अजून काळे होते.

"आर्विल, मी—"

"राहू दे."

"ऐक तरी. ती एक सिगारेट तुला आणि मला सोडून कुणाला माहीत नाही. दोन आठवड्यांत पट्टी साफ येईल. उद्या चौऱ्याऐंशी गा आणि मोकळा हो."

"उद्या दुसरा दिवस आहे."

"अरे शहाण्या! नंतर बारा आठवडे थांबायला लावतील परत. ज्यूएलकडे आहेत का बारा आठवडे? तुझा खरेपणा तिच्या जिवावर का?"

त्यानं काळे हात पँटला पुसले. मग म्हणाला, "काल मी खरं बोललो तर कुणाला पटलं नाही. तुला नाही पटलं, नेल्डा. आता जर उद्या खोटं गायलो, तर काल तुम्ही जे म्हणालात ते खरंच की. मग ती किडनी कुणाची देऊ मी तिला, खोटारड्याची?" त्यानं डोळे पुसले. "मला काही येत नाही. गाता येत नाही, हे तूच म्हणतेस. मोजता येतं तेवढं मोजू दे."

मला तेव्हा तो मूर्ख वाटला. अजूनही काही दिवशी वाटतो.

शनिवारी जिन्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. खाली दुकानात हॅम आणि पावाचा वास, आणि कुणीतरी केक आणलेला, त्यावर साखरेनं मोठं ८४ काढलेलं. फळ्यावरही ८४. ज्या पोरांनी रानात त्याची टिंगल केली होती ती टोप्या काढून उभी होती. आर्विल माइकसमोर गेला. मी फिडल लावली. कॉफी झाली, खुर्ची झाली, खिसा झाला.

आज दुसरा दिवस, आणि मी अजून मोजतो.

लॉन्झोचा हात तारेवर तसाच राहिला. जिन्यावरून कुणीतरी विचारलं, "काय म्हणाला तो?" मग फोन वाजला.

"आर्विल," ज्यूएलचा आवाज. मागे यंत्रांची पीं पीं ऐकू येत होती. "दोन?"

"दोन गं."

"पानामुळे नव्हे?"

"पान निराळं. गुरुवारी दुपारी एक ओढली. माझी मी."

आम्ही सगळेच तिचा श्वास ऐकत होतो.

"मला चौऱ्याऐंशी ऐकायचं होतं रे," ती म्हणाली, आणि तिचा आवाज बसला. "पण दोन तर दोन. कुणी दिली?"

आर्विलनं माझ्याकडे बघितलं नाही. मुद्दाम बघितलं नाही. "कुणी देऊ दे. ओढली मी."

मी फिडल धरून उभी होते. माइक हातभर अंतरावर होता. मी काहीच बोलले नाही.

सोमवारी त्यानं स्वतः नर्सला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "तुम्ही मला हे सांगायला नको होतं, मिस्टर हेन्सली. आता मला लिहावं लागेल." लिहिलं. पुन्हा बारा आठवडे.

त्या बारा आठवड्यांबद्दल मला फार बोलवत नाही. ऑक्टोबरमध्ये ज्यूएलच्या रक्तात जंतू गेले, सहा दिवस ती तापानं फणफणत होती. हर्शेल चर्चमधून मधेच उठून जायचा. मी तिच्या उशाशी बसायला गेले की ती माझा हात धरायची आणि मला वाटायचं, आता विचारेल. तिनं काही विचारलं नाही. मी घरी येऊन ओढायचे. मग पाकीट फेकायचे. मग दुसऱ्या दिवशी नवं आणायचे. नवव्या दिवसापर्यंत एकदा पोचले, आणि एकदा अकराव्या.

आर्विल मात्र मोजत राहिला. नववा, सोळावा, तेविसावा. फळ्यावर दुकानदार पुन्हा लिहू लागला. तंबाखू वाळला, कोठारात खोडावरची पानं काढायचे दिवस आले, तेव्हा लोक त्याला दारातूनच हाकलायचे. "आत येऊ नकोस! तिथूनच गा." आणि तो अंगणात थंडीत उभा राहून, हात खिशात घालून, आत काम करणाऱ्यांना गाणी म्हणून दाखवायचा. डिसेंबरमध्ये चौऱ्याऐंशीव्या दिवशी पट्टी साफ आली. या वेळी केक कुणी केला नाही. कुणाची हिंमतच झाली नाही.

जानेवारीत एका मंगळवारी त्याची किडनी ज्यूएलला बसवली. चालली. पहिल्याच तासात चालली, हर्शेल फोनवर रडत रडत सांगत होता.

त्या शनिवारी दोघंही इस्पितळातच होते, आणि माडीवर लॉन्झो आणि मी दोघंच. नऊ वाजायला पाच मिनिटं असताना फोन आला. शहरात आमचं स्टेशन लागत नाही, म्हणून ज्यूएलनं फर्मावलं होतं, रिसीव्हर माइकजवळ धरा, मला गाणं ऐकायचंय.

"पण गाणार कोण?" मी म्हटलं.

लॉन्झोनं रिसीव्हर हातात घेतला आणि माझ्याकडे बोट केलं.

"ते त्याचं गाणं आहे, मला कसं—"

"तुझा आकडा घाल," लॉन्झो म्हणाला. एकोणीस वर्षांत त्यानं माझ्याशी बोललेलं हे सगळ्यात लांब वाक्य.

मी सोडते आहे हे गावाला कळलं होतं. आमच्याकडे काय लपतं? सप्टेंबरपासून, आर्विलबरोबर, असं लोक समजून होते. मी कुणाला दुरुस्त केलं नव्हतं. म्हणजे शंभरावर आकडा लोकांनी धरलेला होता. खोटं बोलायला मला नुसतं तोंड उघडायचं होतं. चौथ्यांदाही पचलं असतं.

मी गायले. माझा आवाज आर्विलहून वाईट आहे. कॉफी, खुर्ची, खिसा.

आज चौथा दिवस, आणि मी अजून मोजते.

जिन्यात जमलेल्यांत खसखस पिकली आणि थांबली. मी माइक सोडला नाही. "ज्यूएल," मी म्हटलं, "त्या गुरुवारी ती सिगारेट मी दिली होती. तो एकही ओढली नाही म्हणत होता. मी त्याला खोटा म्हटलं आणि पाकीट पुढे केलं."

लॉन्झोनं रिसीव्हर माइकच्या आणखी जवळ नेला.

"माहीत आहे मला," ज्यूएल म्हणाली. आवाज बारीक होता, पण तिचाच होता. "तो घरात आला तर पुदिन्याचा वास येत होता. पेटन मिलमध्ये टूथपेस्ट ओढणारी तू एकटीच आहेस, नेल्डा."

"मग बोलली का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून थांबले. सोळा शनिवार वाट बघायला लावलीस बाई." मागे कुणीतरी काहीतरी पुटपुटलं. "थांब, आर्विल म्हणतोय, त्याला हसवू नका, टाके दुखतात. आणि म्हणतोय, दुसऱ्या ओळीत तू सूर सोडलास."

"त्याला सांग, तोच तेवढा शिल्लक होता सोडायचा."

ती हसली, मग विव्हळली, मग पुन्हा हसली. "चारच का गं?"

"चारच."

"बरं," ज्यूएल म्हणाली. "मग उद्या पाचवा. आता वाजव काहीतरी, मला झोप येतेय."

मी फिडल हनुवटीखाली धरली. हात थरथरत होता. चौथ्या दिवशी थरथरतोच.